उष्णतारोधक भिंतीतून केबल नेताना: आखणीपासून चाचणीपर्यंत

उष्णतारोधक थर भरलेल्या भिंतीतून विजेची केबल न्यायची म्हणजे परस्परविरोधी अशा दोन गरजांचा मेळ घालायचा. केबलमधून वीज वाहू लागली की ती तापते, आणि ती उष्णता बाहेर टाकण्यासाठी निदान एका अंगाने तरी ती भिंतीच्या आतल्या बोर्डाला टेकलेली असावी लागते; म्हणजे उष्णतेचा हिशोब केबलला पृष्ठभागाकडे ओढतो. उद्या कोणी त्याच भिंतीवर फळी टांगण्यासाठी स्क्रू मारला तर तो केबलपर्यंत पोहोचू नये, म्हणून सुरक्षिततेचा हिशोब मात्र तिला खोल आत ढकलतो. यात तिसरी बाब मिसळते ती भिंतीच्या हवाबंदपणाची, कारण केबलसाठी पाडलेले प्रत्येक छिद्र हे हवेला आणि बाष्पालाही वाट करून देते. पुढे सांगितलेली प्रत्येक पायरी या तिन्हींपैकी कशाला किती झुकते माप द्यायचे, याच प्रश्नाभोवती फिरते.

हे विवेचन मुख्यतः लाकडी किंवा धातूच्या चौकटीवर जिप्सम बोर्ड लावलेल्या आणि पोटात रोधक थर असलेल्या भिंतींसाठी आहे. विटांच्या दुहेरी भिंती आणि पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेले तयार पॅनेल) यांचा उल्लेख जेथे गरज पडेल तेथे केला आहे. बऱ्याच देशांत पक्क्या वायरिंगचे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घेणे बंधनकारक असते. त्यामुळे मार्ग आखणे, छिद्रे पाडणे, केबल ओढणे आणि शेवटी भिंत पूर्ववत करणे ही कामे घरमालकाने केली, तरी जोडणी आणि चाचणी कोणी करायची हे आपल्याकडील नियम पाहूनच ठरवावे.

भिंतीच्या पोटात काय आहे?

पहिले काम म्हणजे रोधक थर कोणत्या जातीचा आहे ते ओळखणे, कारण पुढची सारी पद्धत त्यावर ठरते. ज्या खणातून, म्हणजे चौकटीच्या दोन उभ्या खांबांमधल्या जागेतून, केबल न्यायची आहे तेथील जुन्या स्विचबॉक्सची प्लेट वीज बंद करून काढली, तर बॉक्सच्या कडेच्या फटीतून बहुतेक वेळा थर दिसतो. पिवळसर किंवा गुलाबी तंतूंचा मऊ पट्टा असेल तर तो ग्लासवूल, राखाडी-तपकिरी आणि हाताला थोडा घट्ट लागणारा असेल तर रॉकवूल, कागदाच्या करड्या कपच्यांसारखा भुगा असेल तर सेल्युलोज, पांढऱ्या गोळ्यांचा ठोकळा असेल तर थर्माकोल, आणि पिवळट, कडक, चौकटीला घट्ट चिकटलेला फेस असेल तर तो फवारलेला पॉलियुरेथेन फोम. एखादा खण दिसत नसेल तर फर्निचरमागे किंवा कपाटात एक सेंटिमीटरचे छिद्र पाडून त्यातून बारीक तपासणी कॅमेरा आत सोडावा.

जुन्या इमारतीत येथेच थांबण्याची वेळ येऊ शकते. अभ्रकासारख्या चमकणाऱ्या, हलक्या, खड्यांसारख्या कणांचा सैल थर दिसला तर तो व्हर्मिक्युलाइट असण्याची शक्यता असते. अमेरिकेतील मोंटाना राज्यातल्या लिबी येथील खाणीतून निघालेल्या व्हर्मिक्युलाइटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस मिसळलेले असल्याचे सिद्ध झाले आहे, आणि ते व्हर्मिक्युलाइट अनेक वर्षे घरांच्या भिंतींत आणि माळ्यांवर ओतले गेले. असा थर किंवा जुने अ‍ॅस्बेस्टॉसचे बोर्ड असल्याचा संशय आला, तर छिद्र तात्पुरते बंद करून नमुन्याची तपासणी होईपर्यंत भिंतीला हात लावू नये.

थरावर चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची फॉइल आहे का, हेही याच वेळी पाहावे. फॉइल विद्युतवाहक असते. केबलचे आवरण खरचटून आतली तार फॉइलला लागली, तर बोर्डामागे अख्ख्या खणात वीज उतरू शकते आणि बाहेरून काहीच कळत नाही. फॉइलमुळे भिंतीत दडलेल्या तारा शोधणारी उपकरणेही फसतात; कधी ती संपूर्ण भिंतीवर वाजत राहतात, तर कधी खऱ्या तारेवरून नेली तरी गप्प बसतात.

मार्ग ठरवणे

मार्ग आखताना पहिला प्रश्न असा विचारावा की केबल रोधक भिंतीतून नेण्याची खरोखर गरज आहे का. रोधक थर प्रामुख्याने बाहेरच्या भिंतींत असतो. आतल्या विभाजक भिंतीतून, छतावरील पोकळीतून किंवा जमिनीलगतच्या पट्टीमागून फेरा घेऊन केबल नेता आली, तर दोन-चार मीटर केबल जास्त लागेल, पण उष्णतेचा आणि हवाबंदपणाचा प्रश्न बराचसा टळेल. माझ्या मते हा फेरा जवळजवळ नेहमीच परवडतो, आणि नेमका तोच पर्याय घाईत वगळला जातो.

रोधक भिंतीत शिरावेच लागले तर केबल आडवी लांबवर न नेता उभी न्यावी. चौकटीच्या दोन स्टडांमधला (उभ्या खांबांमधला) खण वरपासून खालपर्यंत बहुधा सलग असतो, त्यामुळे उभ्या मार्गात मोजकीच छिद्रे पडतात. आडव्या मार्गात मात्र प्रत्येक स्टड भेदावा लागतो आणि प्रत्येक खणातला थर विस्कटतो. उभ्या मार्गाचा दुसरा फायदा अंदाजाचा आहे. स्विचबॉक्सच्या सरळ वर किंवा सरळ खाली तार असणार, हे भिंतीत स्क्रू मारणाऱ्याला समजू शकते; तिरक्या तारेचा अंदाज कोणालाच येत नाही. ब्रिटनच्या नियमावलीत बॉक्सच्या सरळ रेषेतील उभे-आडवे पट्टे आणि भिंतीच्या वरच्या कडेपासून व कोपऱ्यापासून १५० मिलिमीटरपर्यंतची जागा केबलसाठी मान्य आहे, ती याच विचाराने.

स्टड कोठे आहेत हे शोधण्यासाठी महागडे उपकरण लागतेच असे नाही. बोर्ड स्टडवर स्क्रूंनी बसवलेला असतो, आणि लहान पण जोरकस चुंबक भिंतीवरून हळूहळू फिरवला की तो स्क्रूच्या डोक्यांवर अडकतो. अशा अडकण्याच्या जागा एका उभ्या रेषेत मिळाल्या की स्टड सापडला. खणाच्या मध्यावर आडवी पट्टी ठोकलेली असू शकते, आणि ती केबल ओढतानाच आडवी येते, म्हणून तिचाही शोध आधीच घ्यावा.

केबल किती जाडीची घ्यायची?

उष्णतारोधक थर घरातली ऊब आणि केबलमधली ऊब असा भेद करत नाही. दोन्ही सारख्याच निष्ठेने अडवून धरतो. २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ७.४ मिलिओहम असतो. तिच्यातून १६ अँपिअर वाहत असतील, तर जाणारी आणि येणारी तार मिळून दर मीटरला जवळजवळ ४ वॉट उष्णता निर्माण होते. मोकळ्या भिंतीवर ही उष्णता हवेत सहज विरून जाते. रजईत गुंडाळलेल्या केबलमध्ये मात्र ती साठत जाते आणि आवरणाचे तापमान चढत राहते. साध्या पीव्हीसी आवरणाच्या तारेचे तापमान ७० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायचे नसते; त्याहून अधिक तापमानात ती वर्षानुवर्षे राहिली की आवरण कडक होऊन तडकते. दिलासा इतकाच की प्रवाह निम्मा केला तर उष्णता निम्मी नव्हे, तर चौथाई होते, कारण ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते.

याचा परिणाम किती मोठा असतो हे ब्रिटनच्या बीएस ७६७१ या मानकातील आकड्यांवरून स्पष्ट होते. २.५ चौरस मिलिमीटरची पीव्हीसी आवरणाची चपटी केबल, भोवतालचे तापमान ३० अंश असताना, भिंतीच्या पृष्ठभागावर बसवली तर २७ अँपिअर वाहून नेऊ शकते. तीच केबल रोधक थराच्या भिंतीत आतल्या बोर्डाला टेकून असेल तर तिची क्षमता २१ अँपिअरवर येते, आणि बोर्डापासून सुटून थराच्या मध्यभागी गेली तर अवघ्या १३.५ अँपिअरवर. केबल तीच, भिंत तीच. फरक फक्त काही सेंटिमीटर पुढे-मागे सरकण्याचा, पण त्यात निम्मी क्षमता जाते.

हा आकडा एमसीबीशी, म्हणजे जास्त प्रवाह वाहू लागताच सर्किट तोडणाऱ्या स्वयंचलित स्विचशी, जोडून पाहिला म्हणजे त्याचे महत्त्व कळते. एमसीबीचे काम केबल वाचवणे हे आहे, म्हणून तिचा आकडा केबलच्या प्रत्यक्ष क्षमतेपेक्षा मोठा असता कामा नये. १६ अँपिअरची एमसीबी बोर्डाला टेकलेल्या २.५ च्या केबलला चालते, पण थराच्या मध्यातून गेलेल्या त्याच केबलला चालत नाही. तेथे ४ चौरस मिलिमीटरची केबल लागते, जिची अशा स्थितीतील क्षमता १७.५ अँपिअर आहे. प्रदेश उष्ण असेल आणि भिंतीतले तापमान ४० अंशांपर्यंत जात असेल, तर पीव्हीसी केबलची क्षमता ०.८७ ने गुणावी लागते, मग १७.५ चे सुमारे १५ होतात आणि ४ ची केबलही १६ च्या एमसीबीला अपुरी पडते. बोर्डाला टेकलेल्या २.५ च्या केबलचे २१ मात्र १८ वर येऊनही पुरेसे ठरतात. म्हणूनच जाड केबल घेऊन ती कोठेही जाऊ देण्यापेक्षा योग्य जाडीची केबल योग्य जागी ठेवणे अधिक हिताचे.

केबल चारही बाजूंनी थरात वेढलेली असेल, तर वेढलेला भाग किती लांब आहे तेही पाहावे लागते. ५० मिलिमीटर लांबीसाठी ०.८८, १०० साठी ०.७८, २०० साठी ०.६३ आणि ४०० साठी ०.५१ हे गुणक त्याच मानकात दिले आहेत, आणि अर्ध्या मीटरच्या पुढे क्षमता सरळ निम्मी धरायची असते. हे गुणक मोकळ्या पृष्ठभागावरील क्षमतेला लावायचे असतात, थरातल्या कमी केलेल्या आकड्याला पुन्हा नव्हे. भिंत केवळ आरपार छेदणाऱ्या केबलसाठी हा तक्ता विशेष उपयोगी पडतो. दोन-तीन भारित केबल्स एकमेकींना चिकटवून नेल्या तर त्या एकमेकींना तापवतात, म्हणून त्या वेगळ्या खणांतून न्याव्यात. सर्वांत मोठी खबरदारी तासन्‌तास चालणाऱ्या भारांबाबत घ्यावी: वॉटर हीटर, खोली तापवणारे हीटर, वातानुकूलन यंत्र, विजेच्या गाडीचा चार्जर. दिव्यांच्या केबलमध्ये हा प्रश्न क्वचितच निर्माण होतो, आणि तेथे एवढी गणिते मांडण्याची गरज नाही.

थर्माकोलच्या बाबतीत एक वेगळाच धोका आहे. पीव्हीसी आवरण लवचीक ठेवण्यासाठी त्यात मिसळलेला प्लास्टिसायझर थर्माकोलच्या संपर्कात आला की हळूहळू त्यात झिरपतो. आवरण ठिसूळ होते आणि थर्माकोल विरघळून केबलभोवती खळगा पडतो. म्हणून थर्माकोलच्या थरातून पीव्हीसी केबल कधीही उघडी नेऊ नये. ती कंड्युटमधून (केबलसाठीच्या पाइपमधून) न्यावी किंवा दोघांमध्ये कायमचा आडपडदा राहील अशी व्यवस्था करावी.

वीज बंद करणे आणि अंगरक्षण

ज्या भिंतीत काम करायचे आहे तेथील सर्व सर्किट्स वितरण पेटीतून बंद करावीत, शक्य असेल तर एमसीबीला कुलूप लावावे आणि पेटीवर सूचना चिकटवावी. नंतर दोन टोकांच्या व्होल्टेज टेस्टरने, आधी चालू असलेल्या ठिकाणी टेस्टर तपासून, मग कामाच्या जागी आणि पुन्हा चालू ठिकाणी, अशी तिहेरी खात्री करावी. निऑनच्या स्क्रूड्रायव्हर टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणजे वीज नाही, असे समजणे धोक्याचे आहे. ग्लासवूल आणि रॉकवूलचे तंतू त्वचेत, डोळ्यांत आणि श्वासात जातात, म्हणून हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, गॉगल आणि धूळ अडवणारा मास्क घालूनच बोर्ड कापावा.

छिद्रे आणि चौकट

बॉक्ससाठी बोर्ड कापताना करवत पूर्ण आत खुपसू नये. बोर्डाच्या जाडीएवढेच, म्हणजे साधारण १२ ते १५ मिलिमीटर, पाते बाहेर राहील अशी पात्यावर चिकटपट्टीची खूण करावी. थर फाटण्याचे आणि बोर्डामागील बाष्परोधक पडदा कापला जाण्याचे प्रसंग बहुतांशी याच क्षणी घडतात. बोर्डाचा तुकडा निघाल्यावर पडदा दिसला, तर त्याला इंग्रजी एक्स अक्षरासारखा छेद द्यावा आणि चारही पाकळ्या मागे दुमडून ठेवाव्यात. शेवटी त्याच पाकळ्या बॉक्सला चिकटवायच्या आहेत.

चौकटीच्या वरच्या किंवा खालच्या आडव्या तुळईतून आणि स्टडमधून छिद्र पाडताना ते जाडीच्या मध्यावर असावे. भार वाहणाऱ्या लाकडी स्टडमध्ये छिद्राचा व्यास स्टडच्या खोलीच्या एक-चतुर्थांशाच्या आत ठेवणे हा सावध नियम आहे. १०० मिलिमीटर खोलीच्या स्टडमध्ये २५ मिलिमीटरचे छिद्र साध्या केबलसाठी भरपूर होते. कडेला खाच पाडून केबल बसवणे टाळावे, कारण त्याने स्टड कमकुवत होतो आणि केबलही स्क्रूच्या टप्प्यात येते.

येथे सुरुवातीचा संघर्ष पुन्हा समोर येतो. ब्रिटनमध्ये पृष्ठभागापासून ५० मिलिमीटर खोलीची आणि अमेरिकेत छिद्राच्या कडेपासून स्टडच्या कडेपर्यंत सुमारे ३२ मिलिमीटर अंतराची अपेक्षा आहे, पण बोर्डाला टेकलेली केबल या मर्यादेत बसत नाही. यावर व्यवहार्य तोडगा असा: जेथे केबल स्टड किंवा तुळई ओलांडते तेथे ती खोल ठेवावी, कारण स्क्रू मारणारा स्टडच शोधत असतो, तुळईतून बाहेर पडून खणात उतरल्यावर तिला बोर्डाकडे आणावे, बॉक्सच्या सरळ रेषेबाहेर जाऊ देऊ नये, आणि जेथे अंतर कमी पडते तेथे स्टडवर दीड-दोन मिलिमीटर जाडीची पोलादी संरक्षक पट्टी ठोकावी. याच्या जोडीला त्या सर्किटवर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे जमिनीकडे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, असावी. ती स्क्रूला अडवत नाही, पण स्क्रू केबलमध्ये घुसलाच तर धक्का लागलेल्या माणसाला वाचवण्याची शक्यता तिच्यामुळे वाढते.

धातूच्या स्टडमध्ये बहुधा तयार छिद्रे असतात आणि त्यांच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात. त्या छिद्रांत प्लास्टिकचे किंवा रबरी ग्रोमेट (छिद्राची कड झाकणारे कडे) बसवल्याशिवाय केबल ओढू नये. आधी केबल ओढून मग ग्रोमेट बसवण्याचा प्रयत्न व्यर्थ असतो, कारण आवरण ओढतानाच खरचटलेले असते.

केबल ओढणे

ग्लासवूल किंवा रॉकवूलच्या खणात केबल ओढण्यासाठी पोलादी फिश टेपपेक्षा (केबल ओढण्याच्या लवचीक पट्टीपेक्षा) फायबरच्या काठ्या बऱ्या, कारण टेप गुंडाळीची सवय सोडत नाही आणि मऊ थरात शिरून गुंतते. काठीच्या टोकाला गोल, बोथट टोपी लावावी, वरच्या तुळईतील छिद्रातून काठी आत घालावी आणि तिला किंचित बाक देऊन टोक आतल्या बोर्डाकडे दाबून ठेवावे. काठी योग्य वाटेने जात असेल तर टोक बोर्डावर घासल्याचा कोरडा, करकर आवाज येतो आणि बोर्डावर टेकवलेल्या तळहाताला तो जाणवतोही. आवाज बंद झाला आणि काठी मऊ जागेत रुतल्यासारखी वाटू लागली, तर ती थराच्या पोटात शिरली आहे असे समजून अर्धा मीटर मागे घ्यावी, थोडी फिरवावी आणि पुन्हा सोडावी. जोर लावून ढकलल्यास थराचा गोळा खाली साचतो आणि वर पोकळी राहते. बोर्डामागे बाष्परोधक पडदा असेल तर काठी पडद्याच्या अलीकडून जाते की पलीकडून, हे खालच्या बॉक्सच्या छिद्रातून पाहून घ्यावे. पडदा आणि बोर्ड यांच्यामधून गेल्यास उत्तम.

काठी खाली पोहोचली की केबलच्या टोकाचे आवरण दहा सेंटिमीटर सोलावे, तारा काठीच्या कडीतून मागे वळवाव्यात आणि चिकटपट्टी काठीकडून केबलकडे निमुळती गुंडाळावी, जेणेकरून जाड खांदा राहणार नाही. एकाने ओढावे आणि दुसऱ्याने केबल पीळ न पडता आत सोडावी. केबलबरोबर एक नायलॉनची दोरी ओढून तेथेच ठेवावी. पुढे कधी दुसरी केबल न्यायची झाली तर या दोरीची किंमत कळेल.

सैल सेल्युलोज भरलेल्या भिंतीत काठी सहज जाते, पण बोर्ड कापताच भुगा बाहेर ओघळतो. तो खालून जितका सांडतो तितकी खणाच्या वरच्या टोकाला पोकळी पडते, आणि ती बाहेरून दिसत नाही. म्हणून छिद्र कापल्याबरोबर त्यात रॉकवूलचा बोळा दाबून बसवावा आणि काम झाल्यावर सांडलेला भुगा वरच्या बाजूने परत भरावा. सुट्या थर्माकोल गोळ्यांनी भरलेल्या विटांच्या दुहेरी भिंतीतही असेच होते; बाहेरून ड्रिल मारले की गोळ्या धारेने वाहू लागतात, त्यामुळे बुजवण्याचे साहित्य हाताशी ठेवूनच छिद्र पाडावे.

फवारलेल्या कडक फोममधून केबल ओढण्याचा विचारच सोडून द्यावा. तेथे दोनच पर्याय उरतात: पृष्ठभागावर केसिंग पट्टी किंवा जमिनीलगतची पोकळ पट्टी लावणे, नाहीतर बोर्डाची उभी पट्टी काढून फोमच्या आतल्या तोंडावर झिरी पाडणे आणि तीत कंड्युट बसवणे. पहिला पर्याय दिसायला कमी नेटका, पण केबलला थंड ठेवणारा आणि भिंतीला अजिबात न दुखवणारा आहे. नवे बांधकाम असेल तर फोम फवारण्यापूर्वीच प्रत्येक संभाव्य जागी रिकामी कंड्युट टाकून ठेवावी, कारण फोममध्ये थेट गाडली गेलेली केबल पुन्हा बदलता येत नाही.

कंड्युट वापरले तरी उष्णतेच्या हिशोबात फारशी सूट मिळत नाही, हे येथे सांगितले पाहिजे. त्यातील हवा स्थिर असल्याने रोधक भिंतीतील कंड्युटमधली केबल थरातल्या केबलसारखीच तापते, आणि तिच्यासाठी मानकांत स्वतंत्र, कमी केलेले आकडे दिलेले असतात.

बॉक्स, थर आणि पडदा पूर्ववत करणे

केबल उघड्या खणात बसवायची संधी असेल, म्हणजे बोर्ड काढलेला असेल, तर थराच्या पट्ट्यामागे केबल दाबून टाकू नये किंवा पट्टा केबलवर चेपून बसवू नये. चेपलेल्या थरातली अडकलेली हवा निघून जाते आणि त्याची रोधकता घटते. केबल खणाच्या मधून आडवी जात असेल तर पट्टा जाडीत चिरावा, एक थर केबलमागे आणि पातळ थर पुढे ठेवावा. पुढचा थर जितका पातळ, तितके केबलसाठी बरे. बॉक्सच्या मागे थराचा तुकडा त्याच्या आकाराएवढा कापून नीट बसवावा, बॉक्सशेजारी रिकामी फट ठेवू नये. थरात पुरला जाईल असा एकही जोड करू नये. जोड सैल झाला तर तो भारित तारेपेक्षा कितीतरी जास्त तापतो, म्हणून प्रत्येक जोड उघडता येईल अशा पेटीतच हवा.

हवाबंदपणाचे काम कंटाळवाणे असल्यामुळे ते वगळण्याचा मोह होतो, पण भिंत कुजण्याची कारणे शोधत गेले की बहुतेकदा येथेच येऊन पोहोचावे लागते. बाष्प बोर्डातून झिरपून जितके भिंतीत शिरते, त्याच्या अनेक पट ते फटीतून वाहणाऱ्या हवेबरोबर शिरते, आणि थराच्या थंड बाजूवर त्याचे पाणी होते. थंड प्रदेशात पडदा आतल्या, म्हणजे उबदार बाजूला असतो. उष्ण-दमट प्रदेशातील वातानुकूलित इमारतीत तो बाहेरच्या बाजूला असतो. तो जेथे असेल तेथे केबलच्या प्रत्येक छिद्राला लवचीक रबरी कॉलर किंवा पडद्यासाठीची चिकटपट्टी लावावी, आणि आधी दुमडून ठेवलेल्या पाकळ्या हवाबंद बॉक्सच्या कडेला चिकटवाव्यात. बांधकाम नवे असेल तर सर्वांत चांगला उपाय असा की पडद्याच्या आतल्या बाजूला २५ ते ५० मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या ठोकून केबलसाठी वेगळी पोकळी ठेवावी. मग पडद्याला छिद्रच पडत नाही, केबल थराबाहेर राहते, आणि पुढच्या दुरुस्त्याही सोप्या होतात.

बाहेरच्या बाजूला आरपार जाणारे छिद्र आतून बाहेरच्या दिशेने थोडे उतरते असावे, म्हणजे पावसाचे पाणी आत येणार नाही, आणि केबल आत शिरण्यापूर्वी बाहेर तिला खालच्या बाजूला एक वळसा द्यावा. आरपार कंड्युट टाकली असेल, तर तिच्या बाहेरील फट बुजवून भागत नाही. पाइपच्या आतूनही हवा वाहते, आणि थंडीत तीत दव जमून ते थेंबाथेंबाने स्विचबॉक्समध्ये उतरते. त्यामुळे केबल ओढल्यावर पाइपचे तोंड काढता येण्याजोग्या पुट्टीने बंद करावे. पफ पॅनेलमध्ये पत्र्याची कड धारदार असल्याने छिद्रात नेहमी प्लास्टिकची नळी बसवावी.

तुळईतील आणि मजल्यांमधील छिद्रे बुजवताना साधा पॉलियुरेथेन फोम वापरू नये. तो जळतो, आणि भिंतीच्या पोकळीतून आग वर चढण्याची वाट मोकळी करतो. तेथे आगरोधक सीलंट किंवा रॉकवूल आणि त्यावर सीलंटचा थर वापरावा.

डेटा केबल

इंटरनेटच्या केबलमध्ये उष्णतेचा प्रश्न जवळजवळ नसतो, पण ती नाजूक असते. चार जोड्यांची कॅट ६ केबल ओढताना ११० न्यूटनपेक्षा जास्त ताण देऊ नये, तिचे वळण केबलच्या व्यासाच्या चौपटीपेक्षा लहान त्रिज्येचे नसावे, आणि विजेच्या केबलबरोबर ती एकाच पाइपमध्ये कधीही घालू नये. दोन्ही समांतर न्याव्या लागल्यास वेगवेगळे खण वापरावेत, आणि छेद द्यावा लागला तर तो काटकोनात द्यावा. याच केबलमधून कॅमेऱ्यांना वीज पुरवायची असेल आणि अशा अनेक केबल्सचा जुडगा थरातून जात असेल, तर मात्र जुडगा सोडून केबल्स मोकळ्या कराव्यात.

चाचणी आणि नोंद

बोर्ड बंद करण्यापूर्वी चाचणी करावी, नंतर नव्हे. वीज बंद असताना अर्थिंगच्या तारेची सलगता आणि फेज-न्यूट्रलची अदलाबदल झालेली नाही हे तपासावे. मग सर्व उपकरणे, डिमर आणि इलेक्ट्रॉनिक स्विच काढून मेगरने (आवरणाचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) ५०० व्होल्टवर तारांमधला आणि अर्थिंगशी असलेला रोध मोजावा. नियमानुसार तो निदान १ मेगाओहम हवा, पण नव्या केबलमध्ये तो त्याच्या कितीतरी पट येतो. नव्या केबलने दोन-चार मेगाओहम दाखवले, तर ओढताना आवरण दुखावल्याचा संशय घ्यावा आणि केबल बदलावी. फॉइल असलेल्या भिंतीत फॉइल आणि तारा यांच्यातही मोजमाप घ्यावे. वीज सुरू केल्यावर आरसीसीबीचे चाचणी बटण दाबून ती सुटते याची खात्री करावी, आणि जड भार असेल तर तासभर पूर्ण भारावर चालवून बोर्डाला हात लावून पाहावा. थर्मल कॅमेरा मिळाला तर अधिक चांगले.

बोर्ड बंद करण्याआधी प्रत्येक खणाचा, शेजारी मोजपट्टी ठेवून, फोटो काढावा. वितरण पेटीच्या आत त्या सर्किटपुढे केबलची जाडी, ती रोधक थरातून गेली आहे ही माहिती आणि एमसीबीचा कमाल आकडा लिहून चिकटवावा, कारण काही वर्षांनी एमसीबी वारंवार पडते म्हणून कोणीतरी मोठी एमसीबी बसवायला येईल, आणि भिंतीच्या आत काय आहे ते त्याला त्या कागदाशिवाय कळणार नाही.